मायग्रेनसाठी अ‍ॅक्युपंक्चर: पहिल्या फोनपासून विम्याच्या शेवटच्या पत्रापर्यंत

माझा मायग्रेन जुना आहे. वीस-बावीस वर्षांची असल्यापासून उजव्या कानशिलात ठणका लागतो, उजेड सोसवत नाही, उलट्या होतात. महिन्यातून दोन-तीनदा होणारा त्रास अंगवळणी पडला होता. गेल्या वर्षाच्या शेवटी मात्र दुखण्याचे दिवस इतके वाढले की न्यूरॉलॉजिस्टनी आधी माझ्या गोळ्यांचा हिशेब मागितला. ट्रिप्टान गटातली, म्हणजे मायग्रेन उठल्यावर तो थांबवायला घ्यायची गोळी महिन्यात १० किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा साधी वेदनाशामक गोळी १५ किंवा त्याहून जास्त दिवस घेतली आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी पक्की होत जाते. मी त्या रेषेच्या अगदी जवळ आले होते. मायग्रेन उठूच नये म्हणून रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्याही झाल्या होत्या. प्रोप्रॅनोलॉलने रक्तदाब फार खाली जायचा. टोपिरामेट घेताना बोलता बोलता साधे शब्द आठवेनासे झाले, आणि माझं काम बोलण्याचंच आहे. आता तिसरी गोळी अगदी कमी डोसमध्ये सुरू होती आणि तिचा थोडाफार उपयोग होत होता.

अ‍ॅक्युपंक्चरचं नाव त्या डॉक्टरांनीच काढलं, म्हणून मी ते मनावर घेतलं. शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा हा चिनी उपचार. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१२ च्या सूचनांत, प्रोप्रॅनोलॉल आणि टोपिरामेट ही दोन्ही औषधं चालत नसतील तर ५ ते ८ आठवड्यांत १० पर्यंत बैठकींचा विचार करावा, असं म्हटलेलं आहे. अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१६ चा आढावाही त्यांनी समजावून सांगितला. त्यात २२ चाचण्या आणि जवळजवळ पाच हजार रुग्ण आहेत. नेहमीचे उपचार घेणाऱ्या १०० जणांपैकी १७ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, तर अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्या १०० पैकी ४१ जणांची. पण खोट्या अ‍ॅक्युपंक्चरशी, म्हणजे चुकीच्या जागी किंवा वरवर टोचलेल्या सुयांशी तुलना केल्यावर हे अंतर बरंच कमी होतं: खऱ्या गटात ५०, खोट्या गटात ४१. “फायदा होऊ शकतो, धोका कमी आहे. नेमक्या बिंदूंचा वाटा किती, यावर मात्र वाद आहे,” असं ते म्हणाले. हे सरळ बोलणं मला धीर देऊन गेलं. चमत्काराची अपेक्षा ठेवून गेले असते तर दुसऱ्या आठवड्यातच सोडून दिलं असतं.

त्यांनी एक अट घातली: आधी महिनाभर डोकेदुखीची डायरी लिहायची. दुखलं तो दिवस, किती तास, शून्य ते दहात किती तीव्र, कुठली गोळी घेतली, पाळीचा कितवा दिवस, झोप किती. डिसेंबरभर मी ती लिहिली. कुणी मला या सगळ्यातून एकच काम निवडायला सांगितलं तर मी हीच डायरी निवडेन, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच झाले.

जानेवारीत अ‍ॅक्युपंक्चरतज्ज्ञ शोधायला लागले. फोनवर मी प्रत्येक ठिकाणी तेच विचारत होते: नोंदणी क्रमांक आहे का, प्रशिक्षण किती वर्षांचं, मायग्रेनचे रुग्ण नेहमी येतात का, सुया एकदाच वापरायच्या आणि सीलबंद असतात का, माझ्या न्यूरॉलॉजिस्टशी पत्रव्यवहार करायची तयारी आहे का. एका ठिकाणी “सगळ्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करा, मगच या” असं उत्तर मिळालं. ते नाव मी लगेच खोडलं. मायग्रेनच्या काही प्रतिबंधक गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं, आणि तो निर्णय त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा असतो. शेवटी निवडलेल्या तज्ज्ञ बाईंनी फोनवर माझ्याशी शांतपणे बोलून घेतलं आणि सहा बैठकींनंतर डायरी बघून पुढचं ठरवू, असं स्वतःहून सांगितलं. त्यांची वेळ मिळायला जवळपास तीन आठवडे लागले.

ते आठवडे विम्याच्या कागदांत गेले. आमच्या पॉलिसीत अ‍ॅक्युपंक्चर होतं, पण पूर्वपरवानगीच्या अटीवर. न्यूरॉलॉजिस्टचं शिफारसपत्र हवं, त्यात निदान आणि आधी करून पाहिलेल्या औषधांची नावं हवीत, तज्ज्ञांच्या नोंदणीपत्राची प्रत हवी, आणि किती बैठकी लागतील याचा अंदाज हवा. पहिला अर्ज ‘निदानाचा कोड नाही’ म्हणून परत आला. पत्र नव्याने घ्यावं लागलं, कारण हाताने भरलेला कोड चालत नव्हता. परवानगी आली ती फक्त सुयांच्या उपचाराला; वनौषधींचा खर्च पूर्ण स्वतःचा. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर परवानगीचं पत्र हातात येईपर्यंत पहिली बैठक घेऊ नका. आधीच्या तारखेची पावती बहुतेक विमा कंपन्या मान्य करत नाहीत.

पहिली भेट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली. ती दीड तासाची होती आणि तिचं शुल्क पुढच्या भेटींपेक्षा बरंच जास्त होतं. हे सगळीकडे साधारण असंच असतं. जाण्याआधी त्यांनी निरोप पाठवला होता: हलकं काहीतरी खाऊन या, उपाशीपोटी नको, बाही कोपरापर्यंत आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर जाईल असे सैल कपडे घाला, त्या दिवशी जीभ घासू नका आणि येण्याआधी जिभेला रंग लागेल असं काही किंवा कॉफी घेऊ नका. मग फॉर्म. रक्त पातळ करणारी औषधं, पेसमेकर, फिट्स, गर्भारपण, रक्तस्रावाचा विकार, सुईची भीती, आधी कधी चक्कर आली आहे का, सगळं त्यात होतं. एकही रकाना मोकळा सोडू नका. गर्भारपणात काही बिंदू परंपरेनेच टाळले जातात, आणि पेसमेकर असेल तर सुयांना विजेचा सौम्य प्रवाह जोडत नाहीत.

प्रश्न खूप होते, आणि काही अनपेक्षित. डोकं कुठे दुखतं हे त्यांनी बोट ठेवून दाखवायला सांगितलं. दाबल्यावर बरं वाटतं की जास्त दुखतं? तहान लागते तेव्हा गार पाणी हवंसं वाटतं की कोमट? घाम कधी येतो, शौच कसं होतं, स्वप्नं पडतात का, पाळीचा रंग कसा, राग आला की अंगात कुठे जाणवतं? चिनी वैद्यकात परीक्षणाचे चार मार्ग आहेत: पाहणं, ऐकणं-हुंगणं, विचारणं आणि स्पर्श. विचारण्याचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. दर दहा मिनिटांनी एक रुग्ण या गतीची सवय झालेल्या मला, कुणीतरी इतका वेळ माझ्या दुखण्याचं ऐकून घेतंय, याने भरून आलं.

जीभ त्यांनी उजेडात दोनदा पाहिली. कडांना लाली होती आणि दातांचे वण होते. हे त्यांनी मला आरशात दाखवलं. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी. बोटं आधी हलकी, मग मध्यम, मग खोल दाबत, बराच वेळ, काही न बोलता. माझी नाडी ताणलेल्या तारेसारखी लागते, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या परिभाषेत हा प्रकार यकृतातला यांग, म्हणजे उष्ण, चढती शक्ती, वर चढण्याचा, आणि दुखणं पित्ताशयाच्या वाहिनीवरचं, म्हणजे शरीरातून ऊर्जा वाहते असं मानलेल्या एका मार्गावरचं, कारण ती डोक्याच्या बाजूने जाते. यकृताचं नाव ऐकून मी दचकले. त्यांनी लगेच स्पष्ट केलं की चिनी वैद्यकातलं यकृत हा कार्यांचा एक समूह आहे. रक्ततपासणीत दिसणाऱ्या यकृताच्या आजाराशी याचा संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण असं वाक्य ऐकून घरी जाऊन कुणाचीही झोप उडेल.

मग सुया. मला इंजेक्शनची लहानपणापासून भीती आहे आणि ते मी फॉर्मवर लिहिलं होतं. त्यांनी एक सुई पाकिटातून माझ्यासमोर काढून दाखवली. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिचं टोक तिरकं कापलेलं असतं. ही भरीव, स्टीलची, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, हलवली की वाकणारी. पाकिटावरची मुदत वाचायला दिली. पहिल्या वेळी आडवं झोपूनच घ्यायचं, असा त्यांचा नियम होता, कारण चक्कर येण्याचा संभव बसलेल्या माणसाला जास्त.

जागा शोधायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. माप रुग्णाच्याच शरीराचं. अंगठ्याची सांध्यापाशी जेवढी रुंदी तो एक त्सुन, चार बोटं जोडून झाले तीन. गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळगीपासून चार बोटं खाली त्सूसानली हा बिंदू. हाताच्या अंगठा-तर्जनीमधला हेगू. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खोबणीच्या वर ताइचोंग. कवटीच्या खाली मानेच्या दोन्ही बाजूंना जे खळगे लागतात तिथे फेंगची. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत असे ३६१ बिंदू आहेत; मला त्यातले मोजकेच लागले.

एक बारीक प्लास्टिकची नळी त्वचेवर टेकते, तिच्यातून सुईचं डोकं किंचित वर आलेलं असतं, त्यावर बोटाची हलकी टिचकी, आणि सुई आत. टोचल्याचं जवळजवळ कळत नाही. खरं जाणवतं ते त्यानंतर, जेव्हा त्या सुई हळूहळू फिरवतात आणि खाली नेतात. हेगूपाशी मला एकदम जड, बोथट कळ आली आणि ती तर्जनीकडे सरकली. पायात झिणझिण्या आल्या. या जडपणाला, भरून आल्यासारख्या वाटण्याला चिनी वैद्यकातले लोक ‘द ची’ म्हणतात आणि तो यावा यासाठीच सुई फिरवतात. ही कळ त्रासदायक नसते, पण नवी असते. आधी माहीत नसेल तर काहीतरी बिनसलं असं वाटू शकतं. याउलट तीक्ष्ण, विजेसारखी किंवा जळजळणारी वेदना झाली तर तेव्हाच सांगायचं. सुई जरा मागे घेतली की ती थांबते. ताइचोंगला मी तसं सांगितलं आणि त्यांनी लगेच सुई काढून पुन्हा लावली.

सुया साधारण २० ते ३० मिनिटं ठेवतात. दिवा मंद केला, हातात एक घंटी दिली आणि त्या बाहेर गेल्या. घंटी दिली नाही तर मागून घ्या. पहिली पाच मिनिटं मी श्वासही जपून घेत होते. नंतर अंग सैल पडत गेलं आणि काही कारण नसताना डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बऱ्याच जणांचं असं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. सुया काढताना त्या मोठ्याने मोजत होत्या आणि लावतानाचा आकडा कागदावर लिहिलेला होता. केसांत एखादी सुई राहून जाऊ शकते, म्हणून हे मोजणं महत्त्वाचं. तुमच्याकडे मोजत नसतील तर तुम्ही विचारा.

उठल्यावर डोकं हलकं आणि पाय जड झाले होते. मी अर्धा तास तिथेच बसले आणि मग घरच्यांबरोबर परतले. पहिल्या एक-दोन वेळा स्वतः गाडी चालवत जाऊ नका. त्या रात्री गाढ झोप लागली, आणि दुसऱ्या दिवशी सडकून डोकं दुखलं. फोन केला तर त्या म्हणाल्या, काही जणांना सुरुवातीला असं होतं, डायरीत लिहा आणि तुमची नेहमीची गोळी घ्या. गोळी घेऊ नका असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

सुरुवातीला आठवड्यातून दोनदा जायचं होतं. पैसे भरायच्या टेबलावर संपूर्ण पॅकेज एकदम घेतल्यास सवलत होती. मी दर भेटीचे वेगळे पैसे देते म्हटलं आणि त्यांनी ते मान्य केलं. सहा बैठकींनंतर थांबायची मोकळीक हवी असेल तर आगाऊ पैसे अडकवू नयेत. या टप्प्यातल्या भेटी लहान असत: डायरी, जीभ, नाडी, चार प्रश्न, सुया. एकदा कानशिलावरच्या ताइयांग बिंदूपाशी काळंनिळं झालं आणि आठवडाभर टिकलं. सुई काढल्यावर तिथे कापूस दाबून धरायचा, चोळायचं नाही, हे तेव्हा शिकले.

मानेच्या आणि खांद्यांच्या ताठरपणासाठी त्यांनी दोनदा कपिंग केलं. काचेच्या पेल्यातली हवा ज्योतीने विरळ करून तो पाठीवर बसवतात, त्वचा आत ओढली जाते. ओढ जोरात असते, पण सुसह्य. वर्तुळाकार डाग पडतात आणि ते काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत राहतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या खांद्यांवर दिसले होते तेच डाग. माझ्या मानेला त्याने बरं वाटलं, मायग्रेनवर परिणाम दिसला नाही. मोक्सा, म्हणजे दवण्याच्या जातीच्या वनस्पतीच्या वाळलेल्या पानांची कांडी पेटवून बिंदूला दुरून शेक देणं, त्याच्या धुराच्या वासाने मला मळमळायला लागलं; वासाने मायग्रेन उठणाऱ्यांनी आधीच नको म्हणून सांगावं.

पाठीच्या वरच्या भागात आणि छातीवर सुया उथळ आणि तिरप्या लावतात, कारण खाली फुप्फुस असतं. फार क्वचित सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागून तिथे हवा भरल्याची उदाहरणं आहेत. मला निघताना दिलेल्या कागदावर ठळक लिहिलं होतं: धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट न पाहता रुग्णालयात जा आणि अ‍ॅक्युपंक्चर घेतल्याचं सांगा. हा कागद मी अजून ठेवला आहे.

वनौषधींवर जरा जास्त थांबते, कारण सुयांपेक्षा जास्त सावधगिरी इथे लागते असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी काढा सुचवला. चिनी वैद्यकात एकच वनस्पती सहसा देत नाहीत, अनेक घटकांचं मिश्रण देतात आणि ते रुग्णागणिक बदलतात. मी आधी सगळ्या घटकांची लेखी यादी मागितली, वनस्पतिशास्त्रीय नावांसह, आणि ती न्यूरॉलॉजिस्टना आणि औषधविक्रेत्यांना दाखवली. पारंपरिक मिश्रणात एका समुद्री शिंपल्याची पूड होती. प्राणिजन्य काही नको असेल तर ते आपणहून सांगावं लागतं. डोकेदुखीच्या काही मिश्रणांत विंचूही असतो. मी सांगितल्यावर तो घटक काढला. ज्येष्ठमधाचं प्रमाणही न्यूरॉलॉजिस्टच्या सूचनेवरून कमी केलं, कारण ते जास्त काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी डांगग्वेइ आणि डानशेन या दोन मुळांपासून दूरच राहावं.

यादी मागताना संकोच वाटला, तर बेल्जियममध्ये घडलेलं आठवा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये एका चिनी मुळाऐवजी मिळत्याजुळत्या नावाचं अ‍ॅरिस्टोलोकियाचं मूळ गेलं आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दुसरीकडे, याच चिनी वैद्यकाच्या जुन्या ग्रंथातल्या नोंदीवरून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचा शोध लावला आणि त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. या वनस्पती खरोखरच औषधी आहेत, म्हणून त्यांची मात्रा, शुद्धता आणि ओळख इतर औषधांइतकीच काटेकोर हवी.

काढा करायचा तर घटक अर्धा तास भिजवायचे, धातूचं नसलेल्या भांड्यात मंद आचेवर उकळायचे, गाळून पुन्हा उकळायचे आणि दोन्ही पाणी एकत्र करायची. चव कडू, मातकट, आणि वास घरभर. आठवडाभर केला आणि मग त्याच मिश्रणाचे विरघळणारे दाणे मागून घेतले. ते महाग पडतात, पण नोकरी करणाऱ्याला तेच झेपतं. पाकिटावर बॅच क्रमांक होता. काढा सुरू करण्याआधी आणि महिन्यानंतर यकृत व मूत्रपिंडाच्या रक्तचाचण्या केल्या; दोन्ही वेळी ठीक होत्या. पोट मात्र सतत बिघडत राहिलं, म्हणून मार्चच्या अखेरीला आम्ही वनौषधी थांबवल्या. त्या काळात डायरीतही वेगळा फरक दिसला नव्हता.

सहा बैठकींनंतरचा आढावा त्याआधीच, फेब्रुवारी संपता संपता झाला होता. दुखण्याचे दिवस थोडेच कमी झाले होते. मी निराश होते. पण डायरीतल्या दुसऱ्या रकान्याकडे बाईंनी बोट दाखवलं: दुखण्याचे तास घटले होते आणि ट्रिप्टानचे दिवस स्पष्टपणे खाली आले होते. दहापर्यंत जाऊन पाहू, तेव्हा हा फरक टिकला नाही तर मीच तुम्हाला थांबायला सांगेन, असं त्या म्हणाल्या. एप्रिलपर्यंत दुखण्याचे दिवसही डिसेंबरच्या निम्म्याच्या आसपास आले. हे सुयांमुळे, गोळ्यांचा अतिवापर थांबल्यामुळे, झोप सुधारल्यामुळे, की आठवड्यातून दोनदा कुणीतरी नीट चौकशी केल्यामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही. मला आराम पडला आहे आणि त्याचं मोल मला फार आहे.

विम्याचा शेवट मे महिन्यात झाला. पहिली मागणी परत आली, कारण काही पावत्यांवर सल्ला, सुया आणि कपिंग अशी एकच रक्कम होती. उपचारकेंद्राने प्रत्येक गोष्टीची वेगळी ओळ, तारीख, निदानाचा कोड आणि नोंदणी क्रमांक टाकून पावत्या पुन्हा दिल्या, म्हणून निभावलं. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. मंजुरीचं पत्र आणि पैसे सुमारे सहा आठवड्यांनी आले. सुयांचा बहुतेक खर्च मिळाला, कपिंगचा नाही, पहिल्या भेटीच्या जादा शुल्काचा निम्मा.

आता मी महिन्यातून एकदा जाते. प्रतिबंधक गोळीचा कमी डोस चालू आहे. तो थांबवायचा का, ते न्यूरॉलॉजिस्ट सप्टेंबरच्या भेटीत डायरी बघून ठरवतील. ट्रिप्टान पर्समध्ये असते आणि लागली की घेते. पुढच्या वर्षाच्या पूर्वपरवानगीचा अर्ज ऑक्टोबरमध्ये भरायचा आहे, आणि या वेळी त्याला डायरीच्या प्रती जोडायला विमा कंपनीने सांगितलं आहे.